विडी उंबऱ्यात, खोकला लेकराला

"ताई, मामा घरात विडी वढतच नाहीत, उंबऱ्यात बसून वढतात. तरी लेकराचा खोकला का जाईना?"

बीड जिल्ह्यातली ही तरुण आई; मामा म्हणजे तिचे सासरे. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) हा प्रश्न मला बऱ्याच आया विचारतात. पत्र्याची एकच खोली, चूल आतच. नवरा-बायको ऊसतोडीला गेले की चार वर्षांची पोर आजोबांजवळ, त्यांच्याच गोधडीत. मांडीवरच्या त्या पोरीच्या फ्रॉकलाही विडीचा वास येत होता.

उंबऱ्यातला धूर वाऱ्यासरशी आत येतो आणि दार उघडं असलं तरी तासन्‌तास रेंगाळतो. कपड्यांत, गोधडीत मुरतो. त्यात ७,००० हून जास्त रसायनं असतात, त्यातली ७० च्या आसपास कॅन्सरला कारण ठरणारी. लेकरं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, त्यांच्या श्वासनलिका अरुंद. म्हणून दमा, न्यूमोनिया, कान फुटणं.

२००३ चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागांपुरता. घरात सुनेनंच बोलायचं. पण सासऱ्याला ती काय बोलणार? दवाखान्यात उलट तिलाच ऐकवलं होतं, "लेकराकडं लक्ष देत जा." हे मला फार लागलं. गच्ची-गॅलरी असणाऱ्याला "बाहेर ओढा" म्हणणं सोपं असतं. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथं आईला दोष देऊ नये.

पुढच्या वेळी मामांना बोलावलं. विडी सोडा म्हटलं नाही. नातीच्या पाठीला कान लावायला सांगितला. छातीतली घरघर ऐकत ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग ठरलं ते एवढंच. पत्र्याच्या फटीत खोचलेलं बंडल अन् काडेपेटी अंगणापलीकडच्या लिंबाखाली डब्यात ठेवायची. विडी तिथंच. नंतर हात-तोंड धुवून, सदरा बदलून मगच नातीला घ्यायचं. तिची गोधडी वेगळी, धुतलेली. सोडावीशी वाटली तर १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहेच. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेलेला, म्हणून टीबीची तपासणीही करून घेतली. टीबी निघाली नाही.

तिसऱ्या भेटीत मामा म्हणाले, "बंडल दोन दिस पुरतंय आता. पहाटंची पहिली विडी मातर सुटंना." पोरीचा रात्रीचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. घरातलं सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून चूल पेटतेच. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचंय.