पादांकाला हात लावू नका

ताई, लेकीचं रासायनिक समीकरण का चुकलं ही तुमची पोस्ट वाचली. लेक दहावीला, लातूरला. तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की फेरोसोफेरिक ऑक्साइड (लोखंड ३, ऑक्सिजन ४) आणि हायड्रोजन तयार होतो, त्या समीकरणात तिनं ऑक्सिजन जुळवायला एच टू ओ चं ‘एच टू ओ फोर’ केलं. सरांनी कारण न सांगता फुली मारली. मलाही हीच चूक सगळ्यात महागात पडलेली, म्हणून लिहितो. अणू मोजणं तिला येत असेलच, ते सोडतो.

गंमत बघा, तिचं समीकरण जुळतं! अणुभार धरून बघा: लोखंड ३ × ५६ म्हणजे १६८, तिचं ‘पाणी’ ६६, एकूण २३४. उजवीकडे ऑक्साइड २३२ आणि हायड्रोजन २, तेही २३४. म्हणूनच लेकराला चूक दिसत नाही. पण तसलं पाणी कुठल्या नळाला येतं? पाण्यात ऑक्सिजनचा एकच अणू वाढवला तरी ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुताना फेसाळतं ते. खालचा बारका आकडा, पादांक, पदार्थ कोणता ते सांगतो. तो बदलला की पदार्थच बदलला. आपल्या हातात फक्त सूत्राच्या आधीचा सहगुणक. ऑक्सिजन ४ पाहिजेत ना? मग पाण्याचे रेणू ४ घ्या.

सुरुवात सगळ्यात बोजड सूत्रापासून करा. इथं ते ऑक्साइड: लोखंड ३, ऑक्सिजन ४. म्हणून डावीकडे लोखंड ३, पाणी ४. आता डावीकडे हायड्रोजन ८ झाले, उजवीकडे ते जोडीनं येतात, म्हणजे ४ रेणू. एकटं मूलद्रव्य शेवटी ठेवायचं, कारण त्याचा आकडा बदलला तरी बाकीचं काही हलत नाही. हायड्रोजनपासून सुरू केलं तर पोरं नुसती गोल फिरत बसतात.

आता वजन: १६८ + ७२ = २४०, आणि २३२ + ८ = २४०. १६८ ग्रॅम लोखंडामागे हायड्रोजन ८ ग्रॅम, तिच्या हिशोबात २. चौपटीचा फरक!

काही क्लासवाले या समीकरणाचे सहगुणक ‘३-४-१-४’ असे पाठच करून घेतात. नाव घेत नाही, पण फी घेऊन हे शिकवणं मला तरी पटत नाही. अभिक्रिया बदलली की पाठांतर संपलं.

अपूर्णांक आला तर घाबरू नये. सिलिंडरमधल्या ब्युटेनला (कार्बन ४, हायड्रोजन १०) जळायला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात; सगळं दुप्पट करा: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. अकरावीतल्या किचकट रेडॉक्सला (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते त्या अभिक्रियांना) मात्र ही युक्ती पुरेलच असं नाही, तिथं इलेक्ट्रॉनही मोजून जुळवायची आयन-इलेक्ट्रॉन पद्धत शिकावी.

आणि कळीचा चुना विरवायचं समीकरण आलं तर आधी मोजून बघायला सांगा. ते जुळलेलंच असतं, सगळे सहगुणक १. पोरं तिथं उगीच २ घालतात. घरी करून बघणार असाल तर चुना पाण्यात थोडा थोडा टाका, तोंड लांब ठेवा; उकळून डोळ्यात उडतो.