बॅसिलस सोडले, फरक नाही? मात्रा नको, वेळ बदला

प्रश्न (सांगोला): डाळिंबाला मर रोगासाठी (झाड सुकते तो) बॅसिलस सबटिलिस या उपयुक्त जीवाणूची दोनदा आळवणी केली, म्हणजे पाण्यातून मुळाशी सोडले, उपयोग नाही. दुकानदार दुप्पट मात्रा आणि सोबत स्ट्रेप्टोसायक्लिन (जीवाणू मारणारे प्रतिजैविक) सांगतो. बॅसिलस गुळात घरीच वाढवू का?

उत्तर: मात्रा दुप्पट करू नका. पुडीत जीवाणू झोपेत, म्हणजे बीजाणू रूपात असतात. ग्रॅमभर चांगल्या पावडरीत ते कोट्यवधी असतात. कमी पडते ती त्यांची उगवण. त्यासाठी ओल, हवा आणि मुळांतून किंवा कुजलेल्या शेणखतातून सुटणारी साखर व अमिनो आम्ले लागतात. तापलेल्या, कोरड्या मुरमाड रानात दुपारी सोडले तर ते नुसते पडून राहतात. मग दुप्पट घाला की चौपट घाला, फरक फक्त बिलात पडतो.

स्ट्रेप्टोसायक्लिन सोबत तर मुळीच नको. झोपलेला बीजाणू औषधाला दाद देत नाही, पण उगवला की काही मिनिटांत त्याचे कवच सुटते आणि मग हेच औषध त्याला मारते. तांब्याच्या औषधाचेही तसेच. बॅसिलस आणि अशा औषधांत आठवड्याचे अंतर ठेवा. दुकानदार एकाच फेरीत दोन्ही खपवतो, तुम्ही घेऊ नका.

गुळाचे म्हणाल, तर पिंपात खाद्य आहे तोवर जीवाणू नुसते वाढतात. खाद्य संपले की बीजाणू धरतात. तेही हवा, तापमान, कॅल्शियम-मँगनीजवर अवलंबून. जास्त उष्णतेत तयार झालेला बीजाणू उष्णतेला जास्त कणखर असतो. घाईने वाढवलेल्या आंबूस पाण्यात बीजाणू थोडे आणि भलतेच जंतू जास्त. झाकण उघडताच आंबट-कुजका वास आला तर ते पाणी बागेत सोडू नका. आळवणीच्या पाण्यात थोडा गूळ चालतो, पण कालवलेले त्याच संध्याकाळी संपवा.

माझा आग्रह शेणखताचा. चांगले कुजलेले शेणखत ओलसर करून त्यात पावडर मिसळा, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मग वापसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना संध्याकाळी मुळांच्या कक्षेत द्या. वाफ्यात चिखल असेल तर थांबा, हवा नसते. मात्रा लेबलावरचीच. सुकलेले झाड मात्र यातून उठणार नाही. ते उपटून जाळा आणि हे शेणखत शेजारच्या झाडांना द्या.

तेल्या या डाळिंबाच्या दुसऱ्या रोगाचा जीवाणू बीजाणू करत नाही, त्याचा हिशेब वेगळा, छाटणी व स्वच्छतेचा.

ओल टिकवायला ठिबक नसेल तर अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. पूर्वसंमतीआधी साहित्य घेऊ नका.