‘ग्राइंडिंग’साठी ‘दळण’

‘विझर्ड्री’ या १९८१ सालच्या संगणकीय खेळावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, त्या खेळातील ‘ग्राइंडिंग’ला, म्हणजे गुण जमवण्यासाठी त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढण्याला, ‘पिष्टपेषण’ म्हणावे का. माझ्या मते ‘पिष्टपेषण’ येथे अर्थाच्या उलट जाईल आणि ‘दळण’ हा शब्द नेमका बसेल. प्रतिशब्द क्रियेच्या स्वरूपावरून ठरवायचा असल्याने त्या खेळात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे.

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी रचलेल्या आणि ॲपल टू संगणकावर प्रथम आलेल्या या खेळात सहा जणांची तुकडी दहा मजली भुयारात उतरते आणि तळाशी दडलेल्या वेर्डना नावाच्या मांत्रिकापर्यंत पोहोचू पाहते. सुरुवातीला ही माणसे फारच दुबळी असतात. नव्या मांत्रिकाला जेमतेम दोन मंत्र टाकता येतात, आणि योद्ध्याला दुसरी पातळी गाठण्यासाठी १,००० अनुभवगुण जमवावे लागतात. त्यामुळे जिन्याच्या आसपास एखादी चकमक करायची, वर किल्ल्यात परतायचे, सराईच्या तबेल्यात फुकट झोपून खर्ची पडलेले मंत्र परत मिळवायचे आणि पुन्हा त्याच जिन्याने खाली उतरायचे, हा क्रम खेळाडू चिकाटीने चालवतो. पहिल्याच मजल्यावर एका ठरावीक जागी शोध घेतला की मर्फीचे भूत हमखास भेटते. त्याचे वार किरकोळ असतात, त्याला मारायला वेळ लागतो आणि अनुभवगुण मात्र घसघशीत मिळतात. म्हणून त्या एकाच जागेच्या असंख्य फेऱ्या घालणे ही विझर्ड्रीच्या खेळाडूंची जुनी वहिवाट आहे. यामागे लोभाइतकीच भीतीही आहे, कारण पात्राचा मृत्यू लगेच डिस्कवर नोंदला जातो, मंदिरात त्याला उठवण्याचा प्रयत्न फसला तर त्याची राख होते, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला तर ते पात्र कायमचे जाते.

आता ‘पिष्टपेषण’ पाहू. पिष्ट म्हणजे पीठ. आधीच पीठ झालेले पुन्हा दळण्यातून काहीही निष्पन्न होत नाही, हाच या शब्दाचा आणि संस्कृतातील पिष्टपेषणन्यायाचा आशय आहे. मर्फीच्या भुताशी झालेली विसावी लढाई पहिल्या लढाईसारखीच दिसत असली, तरी तिच्यातून गुण मिळतात आणि ते साठत जातात. निष्फळता सांगणारा शब्द सफळ क्रियेला लावणे मला योग्य वाटत नाही. ‘चर्वितचर्वण’ याच कारणाने बाद होतो, तर ‘गुऱ्हाळ’ आणि ‘चऱ्हाट’ हे दोन्ही शब्द लक्षणेने बोलण्याशी जोडले गेले आहेत.

‘रियाज’ मोहात पाडणारा शब्द आहे, परंतु रियाजाने गाणाऱ्याचा गळा तयार होतो. येथे खेळाडूचे कौशल्य होते तेवढेच राहून पडद्यावरील पात्राचे आकडे वाढू शकतात. ‘पाट्या टाकणे’ यात काम करणाऱ्याची अनास्था येते, कामाचे फळ येत नाही.

विझर्ड्रीवर अतोनात प्रेम करणाऱ्या जपानमध्ये या प्रकाराला ‘केइकेन्ची कासेगी’ म्हणजे ‘अनुभवगुणांची कमाई’ म्हणतात. इंग्रजी शब्दाने कष्टावर बोट ठेवले, जपानी शब्दाने प्राप्तीवर. मराठीतील ‘दळण’ दोन्ही बाजू सांभाळते. एकच खुंटा धरून जाते फिरवत राहण्याचा कंटाळा त्यात आहे, म्हणून तर तो घालवायला जात्यावरच्या ओव्या आल्या. आणि शेवटी हाती येणारे पीठही त्यात आहे. शिवाय जे दळायचे ते धान्य आणि दळण्याची क्रिया, दोहोंना आपण ‘दळण’च म्हणतो, त्यामुळे वाक्यात शब्द सहज वळतो: ‘चौथ्या मजल्यावर उतरण्याआधी पहिल्यावर बरेच दळण दळावे लागते’, ‘मर्फीपाशी दळत बसलो’, ‘या खेळात दळण फार आहे’.

‘तेच ते दळण’ या प्रयोगामुळे शब्दाला नापसंतीची छटा चिकटली आहे, असा आक्षेप येईल. ती छटा मूळ इंग्रजी शब्दालाही आहे, आणि खेळाडू तो शब्द तक्रारीच्या व अभिमानाच्या अशा दोन्ही सुरांत वापरतात, तेव्हा ती येथे अडचण ठरू नये.

लेखात १९८० च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ (Rogue) या भुयारी संगणकीय खेळाचा उल्लेख असेल, तर तेथे मात्र हा शब्द जपून वापरावा. त्या खेळात पात्राला भूक लागते आणि अन्न मोजकेच सापडते, त्यामुळे एकाच मजल्यावर दळत बसणाऱ्यावर उपासमारीची वेळ येते. तेथील पुनरावृत्ती म्हणजे मेल्यावर दर वेळी नव्याने रचल्या जाणाऱ्या भुयारात पहिल्यापासून उतरणे, आणि तिला ‘नवा डाव मांडणे’ एवढे म्हटले तरी अर्थ पूर्ण पोहोचतो.