सगळ्यांचं मन राखताना पाणी कुणाचं तुटतं?

"मी सगळ्यांचं करतो, तरी बोल मलाच. कुणी नाराज झालं की मला चैन पडत नाही." जळगाव-धुळ्याकडच्या माझ्या समुपदेशनाच्या कामात ही तक्रार सतत कानावर येते. सांगणारी कधी मोठी सून असते, कधी शाळेतले सर, कधी विकास सोसायटीचा सचिव, कधी घरातला कर्ता भाऊ. त्यांना बहुतेकांनी आधीच सल्ला दिलेला असतो, "लोकांचा विचार सोडून द्या." मला हा सल्ला पटत नाही. ज्याची विहीर भावांसोबत सामाईक आहे, ज्याच्या दारावरून रोज चुलतभावाचा ट्रॅक्टर जातो, त्यानं लोकांचा विचार सोडायचा म्हणजे जायचं कुठं? विचार करायचाच. फक्त "ते काय म्हणतील" याच्या जागी "यात कुणावर अन्याय होतोय का" हे विचारायचं. एवढ्या बदलानं माणूस किती शांत होऊ शकतो, हे मी चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक शेतकऱ्यासोबत काम करताना फार जवळून पाहिलं.

त्यांना आपण आप्पा म्हणू. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 45 च्या आसपास, तीन भावांतले मधले. थोरले नाना नोकरीमुळे पुण्यात, त्यांची जमीन बटाईनं दिलेली. धाकटा भाऊ गावातच. वाटणीत प्रत्येकी 5 एकर आली, पण विहीर सामाईक राहिली, मोटर एकच, आणि स्टार्टर दाबायचं काम आप्पांकडे. शेतीची वीज 8 तास, कधी दिवसा, कधी रात्री. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो, गरम वारा सुटतो, आणि त्या दिवसांत केळीचं पाणी चुकलं तर पानं करपतात, घड सटकतात. तेव्हा पाण्याचा कॉक (व्हॉल्व्ह) कुणाकडे फिरवायचा हा प्रश्न किती जिवावरचा असतो, हे खानदेशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आप्पा माझ्याकडे आले ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. छातीत धडधडायचं, रात्री दोन-अडीचला जाग यायची. ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल होते. बोलता बोलता सगळं पाण्याशी येऊन थांबलं. धाकट्याचा फोन यायचा, "आज माझ्याकडं पाणी कमी आलं." आप्पा लगेच स्वतःच्या बागेचा कॉक बंद करून त्याच्याकडे फिरवायचे. मग बटाईदार पुण्याला फोन लावायचा आणि नाना आप्पांना, "तू तिथं असून असं कसं होतं?" की आणखी अर्धा तास तिकडे. रात्री अंथरुणावर ते बोलणं पुन्हा पुन्हा आठवायचं. आपण काय बोललो, आवाज चढला का, भावानं व्हॉट्सॲप वाचलं तरी उत्तर का दिलं नाही. माझ्याशी ते मराठीतच बोलत, पण जीव फार कासावीस झाला की अहिराणी आपोआप यायची, "भाऊ काय म्हनी, ताई?"

मी त्यांना एकच काम दिलं. आठवडाभर कोणाला किती वेळ पाणी गेलं ते लिहायचं, मत लिहायचं नाही. पुढच्या वेळी त्यांनी खिशातून खताच्या दुकानातून मिळालेली छोटी डायरी काढली. प्रत्येक पानावर निळ्या पेनानं वेळा लिहिलेल्या, काही पानांना ओल्या बोटांचे डाग. सरासरी काढली तर 8 तासांपैकी धाकट्याकडे 4 तास, नानांच्या बटाईदाराकडे अडीच आणि आप्पांकडे दीड. सारखे वाटे केले असते तर प्रत्येकाला 2 तास 40 मिनिटं आली असती. ते पान आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर उघडं होतं. आप्पा आधी भावाचीच बाजू मांडू लागले. मी मान्य केलं, कारण त्यात तथ्य होतं. धाकट्याची मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी, घडावर होती, तिला पाणी जास्त लागणारच. आप्पांची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, वाढीला लागलेली, तिलाही ताण चालणार नव्हता. बटाईदाराचा उन्हाळी मका मात्र काढणीला आला होता. त्याला अडीच तास कशासाठी? त्याचं उत्तर पिकात नव्हतं. बटाईदार पुण्याला फोन करतो आणि नानांच्या आवाजाला आप्पा घाबरतात, हे त्याचं उत्तर होतं.

तेव्हा मी विचारलं, "रात्रपाळीला दोन वाजता मोटर सुरू करायला कोण जातं?"

"सालदार."

"आणि सकाळी कामाला?"

"तोच."

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला हा मुलगा आप्पांकडे राहत होता. रात्री कॉक फिरवायला उठायचा, सकाळी सहाला पुन्हा शेतात. आणि सकाळी आप्पांची झोप झालेली नसली की पहिला आवाज त्याच्यावर चढायचा, दुसरा घरात बायकोवर. मी म्हटलं, "सालदार काय म्हणेल, या विचारानं कधी छातीत धडधडलं का?" आप्पा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. कधीच नाही."

मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचं आहे. सगळ्यांचं मन राखणारा माणूस खरोखर सगळ्यांचं राखत नसतो. ज्यांच्या नाराजीची भीती वाटते त्यांचं तो राखतो, आणि त्याची किंमत त्याच्या घरातली, हाताखालची माणसं मोजतात, जी नाराज झाली तरी बोलत नाहीत. आप्पा स्वतःला फार सोशिक समजत होते. त्यांच्या डायरीतून दिसलं की त्यांच्या सोशिकपणात एक मोठा अन्याय लपलेला होता. हे ऐकून त्यांना वाईट वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या वाईट वाटण्यात जोर होता. 'नाही म्हणायला शिका' असं सांगून जे कधीच झालं नसतं, ते सालदाराच्या झोपेमुळे झालं. स्वतःसाठी उभं राहणं ज्यांना स्वार्थ वाटतो, ती माणसं दुसऱ्यावरचा अन्याय थांबवायला मात्र उभी राहतात. त्या वाटेनं मग ती स्वतःच्या वाट्यापर्यंतही पोचतात.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत या दुखण्याचं नेमकं निदान आहे. आपल्याला पसंती मिळावी ही इच्छा स्वाभाविक असते, पण 'मिळालीच पाहिजे' असा हट्ट झाला की माणूस अस्वस्थ होतो. मला अनुभवानं इतकंच जोडावंसं वाटतं की हट्ट सोडताना हातात दुसरं काहीतरी धरायला लागतं. 'भावाला बरं वाटलं का' हे तपासायची सोय आपल्याकडे नाही. त्याचा चेहरा, त्याचं मौन, त्याच्या बायकोचं बोलणं, सगळ्याचे अर्थ लावत बसावं लागतं आणि रात्र सरते. 'पाळी न्यायाची होती का' हे मात्र तपासता येतं. तास मोजता येतात, पीक बघता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं. ज्या प्रश्नाला उत्तर असतं तो प्रश्न मनाला झोपू देतो.

यात एक धोका आहे आणि तो आप्पांबाबतही समोर आला. हिशोब सुरू झाला की राग येतो, "मीच सगळं करतो." 1979 मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांची उत्तरं मिळवली तर बेरीज बऱ्याचदा शंभर टक्क्यांच्या वर जायची. आपलं केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं डोळ्यांआडच राहतं. म्हणून आप्पांना मी डायरीच्या उलट्या बाजूनं भावानं केलेलं लिहायला सांगितलं. पहिल्यांदा दोनच ओळी आल्या. घरी बायकोशी बोलून लिहिल्यावर पान भरलं. मोटर दोनदा जळाली तेव्हा धाकट्यानंच ती स्वखर्चानं भरून आणली होती. आईला दर महिन्याला जळगावला दवाखान्यात तोच नेत होता. आप्पा म्हणाले, "हे मी पार विसरलो होतो." त्या दिवसानंतर भावाबद्दल बोलताना त्यांचा जबडा आवळलेला दिसला नाही. न्यायाचं माप दोन्हीकडे लावलं की राग आपसूक उतरतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नवी पाळी ठरवायला मी आप्पांना एकट्यानं बसू दिलं नाही. कोणताही निर्णय पटण्यात पदरात काय पडलं याइतकंच आपलं ऐकून घेतलं का, नियम सगळ्यांना सारखा होता का, यालाही महत्त्व असतं. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांच्या 1975 च्या संशोधनापासून हे वारंवार दिसलं आहे. आमच्याकडे तर ही गोष्ट वाटणीतच मुरलेली आहे. अनेक घरांत एकजण वाटे पाडतो आणि उचलायची पहिली संधी दुसऱ्याला देतो, म्हणजे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. तसंच केलं. आप्पांनी वेळांचे तीन गट पाडले, धाकट्यानं आधी निवडलं, नाना फोनवर होते, बटाईदार समोर बसला होता. धाकट्याला साडेतीन तास, आप्पांना तीन, बटाईदाराला दीड. मका निघून कपाशी लागली की पुन्हा बसायचं. रात्री उठण्याची पाळी तिघांच्या घरांत फिरती, आणि ज्या रात्री सालदार उठेल त्या सकाळी त्याला उशिरा यायची मुभा.

कागदावर हे सोपं दिसतं. अवघड होता तो पहिला फोन. तिसऱ्याच दिवशी धाकट्यानं ज्यादा पाणी मागितलं. आम्ही वाक्य आधीच घोटून ठेवलं होतं, "भाऊ, माझी पाळी चालू आहे, साडेचारला झाली की तुझ्याकडं फिरवतो." आप्पांनी ते म्हटलं. पलीकडून आलं, "तू बदलला रे आप्पा," आणि फोन ठेवला गेला. छाती पूर्वीसारखीच धडधडली. मी आधीच सांगून ठेवलं होतं की धडधडणार, शरीराची वर्षांची सवय एका वाक्यानं जात नाही. त्यांनी फक्त तासभर परत फोन करायचा नव्हता, पाळी बदलायची नव्हती. स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या होत्या. त्याचं ऐकलं का? हाच नियम मी मला लावतो का? माझ्या 'हो' ची किंमत दुसरं कोण मोजणार होतं? मग विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचं. अर्ध्या तासात धडधड उतरली, कॉक कुणाकडेही न फिरवता. त्यांना असा अनुभव पहिल्यांदाच आला.

भाऊ खूश झाला असं मुळीच नाही. पाऊस पडेपर्यंत तो कामापुरतंच बोलत होता. आप्पांना त्याचं दुःख होतं, आणि ते असू द्यावं असंच मला वाटलं. भावाच्या अबोल्याचं दुःख होणं हा आजार नाही. फरक इतकाच की त्या दुःखानं आता पाळी बदलत नव्हती, आणि सकाळी सालदारावर आवाज चढत नव्हता.

खरी कसोटी श्रावणात लागली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही खानदेशातली देवी बसते. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं गहू मोजून दळतात, त्याचे रोट होतात आणि भाऊबंद एकत्र जेवतात. नाना पुण्याहून आले होते. जेवणं झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "कपाशी लागल्यावर माझ्या बटाईदाराची पाळी पुन्हा बसून ठरवायची होती. ठरवली का?" पूर्वी एवढ्यावर आप्पांची दोन रात्रींची झोप गेली असती. त्यांनी उठून डायरी आणली, पान पाहिलं आणि म्हणाले, "नाना, बरोबर आहे तुमचं. जूनमध्ये पुन्हा बसायचं राहिलं. उद्या बसू." मला हे सांगताना ते हसत होते. "ताई, चूक निघाली, पण जीव नाही गेला." पसंतीवर जगणाऱ्याला प्रत्येक तक्रार आपल्या किमतीवरचा हल्ला वाटतो. न्यायाचं माप हातात असलं की खरी तक्रार दुरुस्तीच्या कामाला येते आणि खोटी ऐकून बाजूला ठेवता येते.

"पण समोरचाच न्यायानं वागत नसेल तर?" हे मला हटकून विचारलं जातं. तर पाळी मोडणाऱ्याला दर वेळी सांभाळून घेणं हाही अन्यायच आहे, तो पाळणाऱ्यांवर. अशा वेळी ठरलेलं लिहून सह्या घ्या, गावातलं दोघांनाही मान्य असलेलं माणूस मध्ये घ्या, गावची तंटामुक्ती समिती चालती असेल तर तिच्याकडे जा. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र समजुतीचे प्रयोग नकोत. आधी सुरक्षित जागा आणि पोलिसांची मदत, 112 वर. छातीत धडधड असेल तर आप्पांसारखं पहिल्यांदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, मनाचं दुखणं समजून अंगावर काढू नका. आणि जवळपास समुपदेशक नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेचा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथं मराठीत बोलता येतं.