‘इचारलं तर डोक्यात भरंल का, मॅडम?’

इचलकरंजीच्या एक बाई माझ्याकडं सल्ल्यासाठी एकट्याच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या म्हणाल्या, "मालकांना सरळ इचारू का, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का म्हणून? पण नसलं तर माझ्यामुळंच डोक्यात भरायचं."

हा प्रश्न मला बायका, आया, बहिणी विचारतात, मित्र क्वचितच. माझं उत्तर एकच असतं. विचारा. विचारल्यानं आत्महत्येचा विचार पेरला जात नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आत असेल तर तो बोलायला वाट मिळते.

"पण कर्जाचंच टेन्शन आहे हो, दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या. इथं मी थांबले. नवरा खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा. सूत व्यापाऱ्याचं, यंत्रमाग याचे, मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मजुरी परवडेना, वीजबिल थकलं, आठांतले चार माग भंगारात किलोवर गेले. पण कर्ज होतं सहा वर्षांपासून. मग आत्ताच काय बदललं?

विचारत गेले तसं एकेक निघालं. माग गेल्यापासून ते चौकात बसायचे बंद झाले, लोक "किती माग चालू?" विचारतात म्हणून. कंबर धरलेली, पहाटे तीनलाच जाग, रोजची क्वार्टर. रडणं नव्हतं, पण पोरावर ताट भिरकावलं होतं. पुरुषातलं नैराश्य पुष्कळदा असं रागाच्या रूपात बाहेर येतं. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडलाय. आणि लग्नाआधी एकदा "दवाखान्यात ठेवलं होतं", एवढं सासूनं कधीतरी सांगितलेलं, त्यापुढं घरात कुणी बोललेलं नाही. तो जीव द्यायचा प्रयत्न असेल, तर आधीचा प्रयत्न हा धोक्याचा फार मोठा इशारा असतो.

"आता मात्र पंधरा दिवस शांत हाईत," बाई जरा हसून म्हणाल्या. "शेजाऱ्यांची उसनवारी फेडली. एलआयसीची फाईल काढून कुठं काय ठेवलंय ते दाखवलं मला."

त्यांना हायसं वाटलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. अशी अचानक शांतता आणि आवराआवर हाही धोक्याचा इशारा असू शकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत शंभरात सुमारे बहात्तर पुरुष. कारणांत सगळ्यात वर ‘कौटुंबिक समस्या’, ३१.७ टक्के. हा रकाना मला कधीच पटत नाही. या बाईंचा नवरा त्या तक्त्यात गेला असता तर कुठल्या रकान्यात? कर्ज, दारू, आजारपण की कौटुंबिक? माग गेला म्हणून मान गेला, मान गेला म्हणून माणसं तुटली, झोप उडाली म्हणून बाटली आली. बायकोला सांगायचं तर "मी पुरुष असून" हा शब्द आडवा येतो.

त्याच दिवशी फोन करून त्यांना बोलावून घेतलं. आले, टोपी हातात घेऊन बसले. बायकोला बाहेर बसवून मी सरळ विचारलं. बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "येतंय. रातचं." पुढचा प्रश्न त्यांचा होता : "पोलीस केस हुतीया का?"

नाही होत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न केलेल्या माणसावरही, तो तीव्र ताणाखाली होता असं धरून, शिक्षेची टांगती तलवार ठेवलेली नाही. नुसत्या विचाराचा तर प्रश्नच नाही. ते ऐकून खांदे खाली आले.

संध्याकाळीच मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. दारू घरातून बाहेर, धोक्याची कुठलीही वस्तू हाताशी नको, आणि धाकटा भाऊ महिनाभर मुक्कामाला. बाईंच्या फोनमध्ये १४४१६ टाकून दिला. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर मात्र फोनवर न थांबता माणसाला दवाखान्यात न्यायचं, तोवर एकटं सोडायचं नाही.

तिसऱ्या भेटीला भाऊच घेऊन आला. कर्ज तेवढंच होतं. "काल पाच तास झोपलो," ते म्हणाले, आणि मग बायकोकडं न बघताच, "हिनं परत इचारलं काल. म्हटलं, आज न्हाई आलं."