आरोग्य-हवामानाच्या बीटवर आलेल्या नव्या बातमीदाराला

टक्केवारी दिसली की आधी विचार: कशाच्या तुलनेत? ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं आणि मथळे आले, 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक'. साफ चूक. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मूळ धोका शंभरात पाच धरला, तर तो सहाच्या जवळ जातो. वाचकाला हे दोन्ही आकडे दे. माझ्या पहिल्या वर्षी मी दिले नव्हते, त्याची खंत अजून आहे.

हवामानाचंही तसंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. मग 'मुंबईत इतका पाऊस' असं लिहिताना पाऊस मोजणाऱ्या केंद्राचं नाव हवंच. आणि एका पावसाचं खापर थेट हवामानबदलावर फोडू नकोस. त्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास झालाय का, ते आधी बघ.

प्रेसनोटवर थांबू नकोस, मूळ शोधनिबंध उघड. प्रयोग उंदरांवर असेल, तर 'उंदीर' हा शब्द मथळ्यातच यायला हवा. डेस्कने काढला, तर भांड.