वाचक विचारतात : आंबट वासाचं रीळ

प्रश्न : शाळेच्या पोटमाळ्यावर टॉम अँड जेरीच्या ‘द यांकी डूडल माऊस’चं १६ मिमी रीळ सापडलं. डबा गंजलाय, आत व्हिनेगरसारखा वास येतो. प्रोजेक्टर चालू आहे. गणपतीत मुलांना दाखवू का? आणि अंड्यांच्या खोक्यावर ‘हेन ग्रेनेड्स’ का लिहिलंय? – एक वाचक, मालवण

उत्तर : आधी मोजा, मग लावा. वास ॲसिटिक आम्लाचा आहे. फिल्मची पट्टी ॲसिटेटची. कौलांखालच्या उष्ण, दमट हवेत ती विघटित होऊन आम्ल सोडते, आणि तेच आम्ल पुढची झीज वाढवतं. गंज त्यात भरच घालतो. पट्टी आकसली की प्रोजेक्टरचे दात भोकांत बसत नाहीत आणि भोकं फाटतात.

सुरुवातीची कोरी पट्टी नंतर जोडलेली असू शकते, म्हणून चित्राचा भाग घ्या. सुती हातमोजे घालून तो सपाट ठेवा. एका भोकाच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या भोकाच्या त्याच कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. नव्या फिल्मवर हे अंतर ७६२ मिमी असतं. ७५६च्या खाली भरलं, तर प्रोजेक्टरचा नाद सोडा. बिनदाती स्कॅनरवर उतरवून घ्या. लांबीही पाहा : सात मिनिटांना साधारण २५२ फूट लागतात. फारच कमी भरली, तर मधला तुकडा गेलाय.

चित्र गुलाबी पडलं असेल तर निळा-हिरवा रंग उडालाय. तो प्रिंटवर परत येत नाही, स्कॅनमध्ये थोडाफार सावरता येतो. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. चित्राचा थर जिलेटिनचा, लगदा होतो. नवा डबा प्लॅस्टिकचा घ्या, पण हवाबंद नको, वाफ बाहेर पडू द्या. इतर रिळांपासून लांब, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पोटमाळा नकोच.

आता अंडी. ‘हँड ग्रेनेड’ म्हणजे हातबाँब. ‘हँड’च्या जागी ‘हेन’, म्हणजे कोंबडी. जेरी तळघरात युद्धच खेळतो. हा १९४३चा लघुपट हॅना आणि बार्बेरा यांचा, आणि या मालिकेला पहिलं ऑस्कर मिळवून देणारा. त्यातला ‘साइटेड कॅट, सँक सेम’ हा संदेश मुलांना समजावून सांगावा लागेल : मांजर दिसलं, बुडवलं. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या डोनाल्ड मेसन या वैमानिकाचा ‘साइटेड सब, सँक सेम’ हा पाणबुडीबद्दलचा संदेश गाजला होता. ही त्याचीच नक्कल.